सत्काराला शंभर जण, नकाराच्या दिवशी कुणीच नाही

यंदाच्या १४ एप्रिलला आमच्या वस्तीत जयंतीच्या मंचावर आम्ही एका बारा वर्षांच्या मुलीचा सत्कार केला. शाल, गुच्छ, उद्देशिकेची फ्रेम. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. मुलगी बॅले शिकते. वडील रंगकाम करतात, आई चार घरची धुणीभांडी. तीन वर्षांपूर्वी तिच्या शाळेत एका संस्थेने नाचाचा मोफत वर्ग सुरू केला. तिथल्या बाईंनी मुलीची चुणूक ओळखून तिला उपनगरातल्या एका स्टुडिओत अर्ध्या फीवर पाठवलं. या वर्षी बाईंनीच तिचा व्हिडिओ परदेशातल्या एका निवासी बॅले शाळेकडे शिष्यवृत्तीसाठी पाठवला आणि ती पहिल्या फेरीत पास झाली.

पहिल्या फेरीत. हे दोन शब्द आमच्या फ्लेक्सवर नव्हते. फ्लेक्सवर होतं, ‘आंतरराष्ट्रीय बॅले नर्तिका, आपल्या वस्तीची शान’. खाली आमचे फोटो, तिच्या फोटोपेक्षा थोडेच लहान.

जूनमध्ये नकार आला. तीन ओळींचा मेल होता. या टप्प्यावर शारीरिक अनुकूलता पुरेशी दिसत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. त्यानंतर मुलगी अभ्यासिकेत यायची बंद झाली. आठवडाभर आम्हाला वाटलं, ताप असेल. मग एका संध्याकाळी तिची आई आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “दादा, तेवढं पोस्टर काढा. नळावर जाताना पोरगी खाली मान घालून जाते.” फ्लेक्स सार्वजनिक नळाजवळच्या खांबावर होता. पोरं तिला ‘लंडन’ म्हणून चिडवत होती.

त्याच रात्री आम्ही फ्लेक्स उतरवला. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सत्काराला आम्ही शंभर जण होतो आणि मेल आला त्या दिवशी त्या दहा बाय दहाच्या खोलीत आईबाप आणि ती अशी तीनच माणसं होती. मुलीचं नाव इथे लिहिणार नाही, वस्तीचंही नाही. आमची चूक मात्र लिहिणार आहोत, कारण ती आमच्या एकट्याची नाही.

आधी हे बॅले शिक्षण काय असतं ते नीट समजून घेऊ. आम्हालाही ते नकारानंतरच समजलं, आणि सत्काराआधी समजून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

बॅलेमध्ये पोटापाण्यासाठी उतरायचं असेल तर शिक्षण लहानपणीच सुरू व्हावं लागतं. इंग्लंडमधल्या रॉयल बॅले स्कूलची खालची शाळा ११ ते १६ वयाच्या मुलांसाठी आहे. रशियात सेंट पीटर्सबर्गची वागानोवा अकादमी १७३८ सालापासून चालू आहे. तिथे दहाएक वर्षांच्या मुलांची निवड होते आणि निवडीत नाचाइतकंच शरीर तपासतात. पाय मांडीच्या सांध्यापासून बाहेरच्या बाजूला किती वळतो, पावलाची कमान किती, पाठ किती वाकते, धड आणि पाय यांचं प्रमाण काय. म्हणजे मूल अजून वाढायचंय आणि वाढल्यावर ते कसं दिसेल याचा अंदाज बांधून निकाल दिला जातो. अंदाज चुकतोही. वयात येताना हाडं भराभर वाढतात, स्नायू मागे राहतात, काल सहज उचलला जाणारा पाय आज उचलत नाही. मूल आळशी झालेलं नसतं, ते फक्त मोठं होत असतं.

त्यात आत शिरलं की सुटलो असंही नाही. इंग्लंडच्या अशा शाळांमध्ये अनेक वर्षे दरवर्षी मुलांचं मूल्यमापन व्हायचं आणि त्यात कमी पडणाऱ्या मुलाला ‘पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा’ असं सांगितलं जायचं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला. घरापासून लांब राहून, दिवसाचे कितीतरी तास आरशासमोर काढून झाल्यावर. २०२३ साली बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात तिथल्या नामांकित शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनी शरीरावरून केलेल्या टोमण्यांबद्दल आणि त्यातून लागलेल्या खाण्याच्या आजारांबद्दल सांगितलं. ही सगळी मुलं काही झोपडपट्टीतली नव्हती. चांगल्या खात्यापित्या घरांतली होती, तरी मोडली.

आता आमच्या मुलीकडे बघा. आठवड्यातून चार दिवस दोन लोकल आणि एक बस. मुलींना पायाच्या बोटांवर उभं राहायला जे कडक टोकाचे बूट लागतात, त्यांची एक जोडी काही हजारांची. मोठ्या कंपन्यांतल्या नर्तिका एका प्रयोगात एक जोडी संपवतात. आमची मुलगी तीच जोडी फेविक्विक लावून महिनोन्महिने चालवते. घरात दोन हात पसरले की भिंत लागते, म्हणून सराव बुद्धविहाराच्या ओसरीवर, वंदनेच्या आधी. आणि एवढ्यावर स्टुडिओतल्या कुणीतरी तिला म्हटलं होतं, “थोडं वजन कमी कर.” तिने आईला न सांगता रात्रीची भाकरी सोडली होती. सत्काराच्या दिवशी ती उपाशी उभी होती हे आम्हाला जूनमध्ये कळलं.

म्हणून ज्यांची मुलं अशा कुठल्याही प्रशिक्षणात आहेत, मग ते जिम्नॅस्टिक असो, कुस्ती असो की नाच, त्या आईबापांना आमचं पहिलं सांगणं. मुलाच्या ताटाचा निर्णय शिक्षकाच्या हातात देऊ नका. वजनाबद्दल कुणी बोललं तर डॉक्टरला विचारा. मुलीची पाळी सुरू व्हायला फार उशीर होत असेल किंवा सुरू झालेली थांबत असेल, एकाच जागी हाड पुन्हा पुन्हा दुखत असेल, तर सराव थांबवून दवाखान्यात न्या. सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग असतो आणि तो क्रिकेटवाल्यांसाठी राखीव नाही.

नकारानंतर आमच्या कार्यकर्त्यांची बैठक झाली, त्यात खरा वाद निघाला. पँथरच्या काळापासून चळवळीत असलेले एक काका स्पष्टच म्हणाले, “बरं झालं नाही मिळालं. नाच सोडायला आपल्याला दोन पिढ्या लागल्या आणि तुम्ही पुन्हा पोरीला नाचायला पाठवता?”

काकांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. १९३६ साली मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब वाघ्या, मुरळी, देवदासी, जोगतिणी यांच्या सभेत बोलले होते आणि हे जिणं सोडा असं त्यांनी निक्षून सांगितलं होतं. पठ्ठे बापूरावांच्या फडाचे पैसे बाबासाहेबांनी चळवळीसाठी घ्यायला नकार दिला, ही हकिकत तर आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. आपल्या बायकांच्या अंगावर नाच लादला गेला. तो जातीने लादला, देवाच्या नावाने लादला. तो नाच नाकारणं हा स्वाभिमान होता आणि आहे.

पण काका, बॅलेचा इतिहास उघडला तर तिथेही आपलीच माणसं भेटतात. रशियातल्या सरदारांनी आपल्या जहागिरीवरच्या भूदासांच्या मुलींना शिकवून खासगी बॅले मंडळ्या पाळल्या होत्या. मॉस्कोच्या ज्या बोल्शॉय शाळेचं आज जगभर नाव आहे, तिची सुरुवात १७७३ साली तिथल्या अनाथालयातल्या मुलांना नाच शिकवण्यापासून झाली. पॅरिस ऑपेरात एकोणिसाव्या शतकात नाच शिकणाऱ्या पोरींना ‘छोटे उंदीर’ म्हणत. बहुतेक कामगारांच्या पोरी. वर्षाची तिकिटं घेणारे श्रीमंत पुरुष रंगमंचामागच्या दालनात येऊन त्या पोरी निवडत आणि घरची गरिबी बघून भाव ठरत. चित्रकार देगाने १८८१ साली चौदा वर्षांच्या एका नर्तिकेचा मेणाचा पुतळा मांडला. त्याच्या ब्राँझच्या प्रती आज जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. त्या पुतळ्यासाठी उभी राहिलेली मारी व्हान गोएटेम ही एका धोबिणीची मुलगी होती. पुतळा गाजला आणि पुढच्या वर्षी वर्ग बुडवते म्हणून ऑपेराने तिला काढून टाकलं. पुढे तिचं काय झालं हे कुणी नोंदवून ठेवलं नाही. आपल्या फडावरच्या बायांचं कुठे नोंदवलंय?

म्हणजे प्रश्न नाचाचा नाही, नाचणारीच्या हक्काचा आहे. ती जन्माने नाचते की शिकून? तिला सोडून जाता येतं का? तिच्या हातात करार आहे, पगार आहे, आजारपणाची रजा आहे, की फक्त बिदागी? बाबासाहेबांनी ज्यातून बाहेर यायला सांगितलं ते बंधन होतं. आमची मुलगी स्वतःहून एका विद्येत शिरते आहे, परीक्षा देते आहे, उद्या नको वाटलं तर सोडून देणार आहे. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या परीक्षा आपल्याकडे होतात. त्यांत आवडीने शिकणाऱ्यांच्या श्रेणी वेगळ्या आणि व्यवसायासाठी शिकणाऱ्यांच्या वेगळ्या असतात. त्या करून माणूस रंगमंचावर गेला नाही तरी शिक्षक होऊ शकतो. काका एवढं ऐकून घेऊन म्हणाले, “ठीक. पण पोरगी सोडतो म्हणाली तर तुम्ही सोडू द्याल का?” हा प्रश्न त्यांनी बरोबर ठिकाणी मारला. फ्लेक्स लावल्यावर सोडणं किती अवघड होतं, हे आम्ही पाहिलंच होतं.

आता त्या मेलमधल्या ‘अनुकूलता’ या शब्दाकडे येऊ. आपल्या लोकांना हा शब्द ओळखीचा आहे. राखीव जागांच्या वादात त्याचं नाव ‘गुणवत्ता’ असतं. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही बोर्दिअचं ‘सांस्कृतिक भांडवल’ घोकलं, परीक्षेत लिहिलं आणि मार्क मिळवले. पण ते खरं कळलं ते या मुलीच्या नकारानंतर. वयाच्या चौथ्या वर्षी लाकडी जमिनीच्या वर्गात गेलेल्या मुलीचा पाय आणि नवव्या वर्षी शहाबादी फरशीवर सुरुवात केलेल्या मुलीचा पाय एकाच पट्टीने मोजायचे आणि निघालेल्या फरकाला ‘शरीर’ म्हणायचं. यात खोटं कुणी बोलत नाही आणि अन्याय मात्र पुरा होतो.

आणि कातडीचा रंग? बॅलेचे पारंपरिक बूट आणि तंग पायजमे गुलाबी असतात, कारण ते ‘अंगाच्या रंगाचे’ मानले गेले. कुणाच्या अंगाच्या, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. काळ्या नर्तिका पिढ्यान् पिढ्या आपल्या बुटांना मेकअप फासून रंग जुळवत आल्या. लंडनच्या फ्रीड या बूट बनवणाऱ्या जुन्या कंपनीने ‘बॅले ब्लॅक’ या मंडळीबरोबर तपकिरी छटांचे बूट बाजारात आणले ते २०१८ साली. न्यूयॉर्कमध्ये आर्थर मिचेल या काळ्या नर्तकाला हे फार आधी कळलं होतं. १९५५ साली तो न्यूयॉर्क सिटी बॅलेत गेला आणि मोठा झाला. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी त्याने हार्लेम या काळ्या वस्तीत ‘डान्स थिएटर ऑफ हार्लेम’ उभं केलं. तिथल्या नर्तिका सत्तरच्या दशकापासून स्वतःच्या कातडीच्या रंगाचेच मोजे आणि बूट घालतात. या संस्थेवरही वाईट दिवस आले. २००४ साली कर्जामुळे नर्तकांची मंडळी बंद पडली. पण शाळा चालू ठेवली होती, म्हणून २०१२ साली मंडळी पुन्हा उभी राहिली. आमच्या संघटनांनी हे लक्षात ठेवावं. पैसे संपले की आपण सगळ्यात आधी अभ्यासिका बंद करतो आणि मिरवणूक चालू ठेवतो.

पडलेलं मूल पुन्हा उभं कसं राहतं, याचं आम्हाला सगळ्यात पटलेलं उदाहरण क्युबाचं आहे. कार्लोस अकोस्टा. जन्म १९७३, हवानाच्या एका गरीब वस्तीत, अकरा भावंडांतला शेंडेफळ. वडील पेद्रो ट्रकचालक, पूर्वज उसाच्या मळ्यावरचे गुलाम. अकोस्टाने आपल्या आत्मचरित्रात वडिलांची एक आठवण सांगितली आहे. तरुणपणी ते फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या एका सिनेमागृहात चोरून शिरले. पडद्यावर बॅले चालू होता. थोडा वेळ पाहिला, तेवढ्यात त्यांना हुसकून लावलं. त्या माणसाने पुढे आपल्या उनाड पोराला बॅलेच्या शाळेत घातलं. कारणं काय? शिस्त लागेल आणि दुपारचं जेवण फुकट मिळेल. कला वगैरे नंतर.

पोराला फुटबॉल खेळायचा होता, रस्त्यावर ब्रेकडान्स करायचा होता. गल्लीतली पोरं बायल्या म्हणून चिडवायची. तो वर्ग बुडवायचा. शेवटी शाळेने त्याला काढून टाकलं. आता इथे थांबून विचार करा. आपल्याकडे ट्रकचालकाच्या पोराला नाचाच्या शाळेतून काढलं तर पुढे काय होईल? क्लीनर. क्युबात १९५९ च्या क्रांतीनंतर बॅलेच्या शाळा सरकारी खर्चाने चालत होत्या आणि त्या फक्त राजधानीत नव्हत्या. पेद्रोने खटपट करून त्याला पिनार देल रिओ या लांबच्या प्रांतातल्या शाळेत जागा मिळवली, राहायची सोय असलेल्या. तिथे राष्ट्रीय बॅलेचा प्रयोग पाहून पोरगं पेटलं. १९९० साली, सोळाव्या वर्षी, त्याने स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. लंडनला इंग्लिश नॅशनल बॅलेत गेला, घोटा दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि परत घरी यावं लागलं. पुन्हा उभा राहिला, अमेरिकेत ह्यूस्टनला गेला, १९९८ साली रॉयल बॅलेत. आज तो बर्मिंगहॅम रॉयल बॅलेचा संचालक आहे.

क्युबाच्या सरकारची आरती ओवाळायची आम्हाला गरज नाही. मुद्दा एवढाच आहे की त्याला काढून टाकल्यावर जायला दुसरी शाळा होती, घोटा मोडल्यावर परतायला घर आणि मंडळी होती. गुणवत्ता तीच, पोरगा तोच. फुकटचं जेवण आणि दुसरी शाळा काढून घ्या आणि मग सांगा तो ‘अनुकूल’ होता की नव्हता.

आपल्याला हे क्युबाकडून शिकायची वेळ का यावी? बाबासाहेबांचं शिक्षण आठवा. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया, १९१६ साली लंडन. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. बोटीने पाठवलेली पुस्तकं समुद्रात बुडाली. बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. जगाच्या हिशेबाने हा माणूस संपला होता. पण लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी दिली होती. सिडनहॅम कॉलेजातली नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिलं आणि १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला पोहोचले. तिथेही डी.एस्सी.चा प्रबंध एकदा दुरुस्तीसाठी परत आला. तो दुरुस्त करून दिला आणि १९२३ साली पदवी मिळाली. आपण जयंतीला पदव्यांची यादी वाचतो. मधली तीन वर्षं वाचत नाही. खरं तर आमच्या मुलीला त्या मंचावर ती तीन वर्षं ऐकायला मिळायला हवी होती.

आईबापांबद्दलही बोललं पाहिजे, कारण नकाराचा सगळा भार त्यांच्या अंगावर येतो. अमेरिकेतल्या मिस्टी कोपलंडचं नाव अनेकांनी ऐकलं असेल. २०१५ साली ती अमेरिकन बॅले थिएटरची पहिली काळी प्रमुख नर्तिका झाली. ती तेराव्या वर्षी, म्हणजे बॅलेच्या हिशेबाने फारच उशिरा, मुलांच्या एका क्लबमधल्या मोफत वर्गात सुरुवात करून आली. सहा भावंडं, आई एकटी, एका काळात सगळे एका मोटेलच्या खोलीत राहत. शिक्षिकेने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. मुलगी चमकू लागली आणि १९९८ साली आई विरुद्ध शिक्षिका असं प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी दोन्ही बाजूंनी माघार घेतली, मुलगी आईकडे राहिली आणि जवळच्या दुसऱ्या वर्गात शिकली. या कथेत बहुतेक लोक शिक्षिकेच्या बाजूने झुकतात. तिच्याकडे मोठं घर होतं, वेळ होता, गाडी होती. आई काय देणार?

आमच्या मुलीच्या बाबतीत हे थोड्या प्रमाणात झालं. सुटीत स्टुडिओतल्या एका पालकांनी, अगदी चांगल्या मनाने, तिला आपल्या फ्लॅटवर ठेवून घेतलं. ती परत आली तेव्हा घरच्या संडासाच्या रांगेला नाक मुरडू लागली. आई आम्हाला म्हणाली, “दादा, पोरगी पुढं गेली पायजे, पण मला लाजली नाय पायजे.” या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. एवढं मात्र कळलं की मुलाला घरातून उचलून नेणारी मदत आणि घरासकट उभं करणारी मदत यांत फरक असतो. मदत द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आता आधी आईशी बोलायला लावतो, तिच्या खोलीत बसून, तिच्या हातचा चहा घेऊन.

मुंबईतलीच उदाहरणं घ्या. वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह आणि टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान. येहुदा माओर या परदेशी शिक्षकाने त्यांना मुंबईत घडवलं. अमिरुद्दीन लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोहोचला. मनीषने बॅले विशी ओलांडल्यावर सुरू केला, त्यामुळे वय आडवं येत राहिलं, तरी तो सोडून गेला नाही. त्यांच्यावरून ‘ये बॅले’ हा सिनेमा २०२० साली आला. दिल्लीत ई-रिक्षा चालवणाऱ्याचा मुलगा कमल सिंह, त्याच वर्षी लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलमध्ये निवडला गेला आणि फीसाठी लोकवर्गणी काढावी लागली. हृतिक रोशननेही त्यात पैसे घातले. या मुलांबद्दल आम्हाला आदरच आहे. पण प्रत्येक बातमीत एक दिलदार शिक्षक आणि एक दिलदार दाता दिसतो. शासन कुठेच दिसत नाही. दाता नाही भेटला तर?

शासनाच्या योजना चाळल्या. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, दोन्ही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी. बॅलेवाल्याचं शिक्षण त्या वयात संपत आलेलं असतं. केंद्राच्या सीसीआरटीची १० ते १४ वयाच्या मुलांसाठी सांस्कृतिक शिष्यवृत्ती आहे, पण ती पारंपरिक भारतीय कलांसाठी. इंग्लंडमध्ये निवडक नृत्य आणि संगीत शाळांतल्या मुलांना घरच्या उत्पन्नानुसार सरकारी अनुदान मिळतं. तसं काही आपल्याकडे मागायला काय हरकत आहे? सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहं आहेत, त्यांतल्या मुलांना कला आणि खेळाच्या प्रशिक्षणासाठी प्रवासभाडं आणि वेगळा आहारभत्ता का मिळू नये? समाजकल्याण आयुक्तांसाठी आम्ही निवेदन तयार केलं आहे. त्यात बॅले हा शब्द एकदाच आहे. तबला, मल्लखांब, कुस्ती, चित्रकला सगळं आहे.

शासन देईल तेव्हा देईल. तोवर आम्ही चार गोष्टी केल्या, त्याही डोंगराएवढ्या नाहीत. बाईंना सांगून परदेशी शाळेला मेल करायला लावला की नेमकं काय कमी पडलं ते कळवा. उत्तर आलं आणि त्यात मांडीच्या सांध्याच्या वळणाबद्दल आणि उशिरा झालेल्या सुरुवातीबद्दल लिहिलं होतं. ‘शरीर वाईट’ असं कुठेच नव्हतं. ते मराठीत करून आईबापांना वाचून दाखवलं. फिजिओथेरपीच्या विभागात नाव नोंदवलं. लोकलचा पास वर्गणीतून काढला, त्याचा हिशेब वहीत आहे आणि कुणाचंही नाव कुठे छापलेलं नाही. आणि मंडळात ठराव केला की अठरा वर्षांखालच्या मुलाचा फ्लेक्स लावायचा नाही. या ठरावावर सगळ्यात जास्त भांडण झालं. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, “सवर्णांची पोरं पेपरात झळकतात, आपल्यांनी का लपायचं?” त्याचं म्हणणं खोटं नाही. ठराव दोन मतांनी पास झाला आणि तो कार्यकर्ता अजून आमच्याशी नीट बोलत नाही.

मधल्या काळात मुलीने तीन आठवडे नाच बंद ठेवला होता. कुणी तिला काही म्हटलं नाही. काकांनी तर तिला बोलावून सांगितलं की तुला सोडायचं असेल तर मी तुझ्या बाजूने आहे. ती काही बोलली नाही. चौथ्या आठवड्यात विहाराच्या ओसरीवर पहाटे पुन्हा कॅसेट लागल्यासारखा मोबाइलवर पियानो ऐकू येऊ लागला.

गेल्या रविवारी ती अभ्यासिकेत आली. सातवीचं गणित मागे पडलं होतं, ते घेऊन बसली. निघताना विचारलं, “दादा, पुढच्या वर्षी परत फॉर्म भरला तर चालेल का? दुसऱ्या शाळेचा पण भरता येतो म्हणतात बाई.” आम्ही म्हटलं, चालेल की. चपला घालता घालता ती थांबली आणि म्हणाली, “पण या वेळी कुणाला सांगू नका.”

आम्ही वहीत फक्त फॉर्मची तारीख लिहून घेतली.